बोराझीनला हवा लागली

आमच्या विभागात शुद्ध बोराझीन कुणी बनवलं असेल, तर ते मी! तीन बोरॉन, तीन नायट्रोजन, एकाआड एक उभे राहून हातात हात घालून फेर धरलेले. दिसायला हुबेहूब बेन्झीनचं भावंड, स्वभावाने मात्र रुसका जावई. दमट हवा नुसती लागली तरी बिघडलं. पीएचडीची सारी वर्षं मी त्याची मनधरणी करण्यात घालवली. शेवटी चमचाभर नितळ द्रव हाती आला, तो बंद चंबूत कोरड्या नायट्रोजन वायूत ठेवला आणि बायकोला सांगून टाकलं, पदवी मिळाल्यात जमा.

परीक्षक आले. माझे मार्गदर्शक सर त्यांना कौतुकाने प्रयोगशाळेत घेऊन आले, चंबू उचलला आणि म्हणाले, "वाससुद्धा बेन्झीनसारखाच येतो, बघा." आणि बूच उपटलं.

"सर, हवा..." एवढंच माझ्या तोंडून कसंबसं बाहेर आलं.

सरांना वाटलं, मी घाबरून घामाघूम झालोय. त्यांनी मायेने खिडकी उघडली. बाहेर दाट धुकं होतं, ते आमंत्रण असल्यासारखं आत शिरलं.

"पाणी..." मी म्हणालो. 'लागू देऊ नका' तोंडातच राहिलं. परीक्षक सज्जन माणूस, लगबगीने ग्लास भरून घेऊन आले. मी चंबूवर झेप घेतली, त्यांच्या हाताला धक्का बसला आणि पाणी नेमकं चंबूच्या तोंडात गेलं. फस्सकन फेस आला आणि अमोनियाचा असा भपका सुटला, की तिघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या. सर माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी आनंदाने रडतोय असा त्यांचा समज झाला होता.

"नमुना पुन्हा तयार झाला की कळवा," परीक्षक नाकाला रुमाल लावून म्हणाले आणि गेले.

घरी बायकोने विचारलं, आता त्यातून उरणार काय? मी सांगितलं, वाळलं की पांढरी पूड. बोरिक अ‍ॅसिड.

"म्हणजे झुरळांसाठी दुकानात मिळते ती?"

"तीच."

"आणि ती बनवायला तुला..." तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि न मागताच माझ्या ताटात आणखी वाढलं.

पुढे ती पूड मी खरडून घरी आणली आणि ओट्याखाली पसरली. म्हटलं, कुठेतरी कामी येऊ दे.

झुरळं मजेत आहेत.