न्यूट्रलमधले सावंतकाका

आठ फेब्रुवारी. स्कूटरच्या चाकांत हवा भरून आणायची होती. खाली आले तर सावंतकाका माझ्या मागच्या टायरला अंगठा लावून उकिडवे बसलेले. म्हटलं, गेला पाव तास.

"ताई, चार पौंड कमी. रस्त्याला चिकटून चालतोय हा."

काका आनंदनगरच्या एका टायर कारखान्यात तपासणी खात्यात होते. फिरताना टायर स्वतःच गाडीला किती अडवतो, हे मोजण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर बदलापुरातला आमच्या सोसायटीचा रस्ता त्यांना सापडला. आपली जुनी स्कूटर वीसच्या वेगाने आणायची, विजेच्या खांबापाशी न्यूट्रल करायची आणि आपोआप थांबेल तिथे खडूची रेघ मारून अंतर वहीत लिहायचं. जितकी लांब जाईल तितका टायर गुणी. "माणूस असो की गाडी, न्यूट्रलमध्ये खरा स्वभाव कळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरच्यांच्या लग्नात नवरदेव उतरायच्या आत काका त्याच्या गाडीच्या चाकापाशी हजर. रिक्षावाले तर ओरडतातच, "काका, पॅसेंजर बैठा है, आता तरी सोडा!"

आज मात्र त्यांनी एकदम विचारलं, "तुमचं वजन किती?"

"काका, बाईला वजन विचारतात?"

"वजन कुठे, लोड विचारतोय."

"सत्तेचाळीस."

त्यांचा चेहरा पडला. "बावन्न हवं होतं."

मग कळलं. वहीतल्या प्रत्येक आकड्याला मागच्या सीटवर काकू होत्या. लोड बदलला की आकडे जुळत नाहीत. जूनमध्ये काकू गेल्या आणि वही थांबली.

"तांदळाचं पोतं बांधून बघितलं. सरकतं हो ते. ही खांद्यावर हात ठेवून बसायची." काका उठले, गुडघे झटकले. "मुलाने गाडी विकली. या वयात नको म्हणतो. उद्या सकाळी दहा वाजता उल्हासनगरचा माणूस न्यायला येणार. एक शेवटचं रीडिंग राहिलं, एवढंच."

मी हवा भरून आले. भाजी निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पाच किलो आट्याची पिशवी मांडीवर घेऊन मी काकांच्या मागे बसले. खांबापाशी त्यांनी न्यूट्रल केलं. गाडी बराच वेळ चालत राहिली, मग रस्त्याच्या मधोमध थांबली. काका उतरेनात. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले, बोटं मात्र खिशातला खडू चाचपत होती.

मागून दूधवाल्याचा हॉर्न वाजला. मी त्याला बाजूने जायची खूण केली.