जाधव गुरुजींचा बिशप

जाधव गुरुजींच्या दासगावच्या घरात बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर एका परदेशी बिशपचं चित्र आहे. त्यावरून मध्यंतरी वाडीत कुजबुज सुरू झाली, की गुरुजींनी म्हातारपणी पुन्हा धर्म बदलला. मी विहार समितीचा चिटणीस, म्हणून खात्री करायला मलाच पिटाळलं. गुरुजींनी मला कपभर चहा पाजला आणि दोन तास बिशप पाजला.

चित्र म्हणजे एका पुतळ्याचं पोस्टकार्ड. गुरुजींचा पुतण्या बोटीवर स्वयंपाकी आहे, त्यानं कुठल्याशा बंदरातून आणलेलं. त्या पुतळ्याच्या पायाचा अंगठा येणारे-जाणारे हात लावून लावून चकचकीत करतात म्हणे. गुरुजींनीही पोस्टकार्डावरचा अंगठा चोळून कागद पातळ केला होता. बिशपचं नाव घेताना त्यांची कवळी सुटते, म्हणून ते त्याला 'आमचा बिशप' म्हणतात.

"अकराशे वर्षं झाली रे. बाकीचे धर्मगुरू म्हणायचे, प्रार्थना लॅटिनमध्येच. आणि माणसं बोलायची स्लाव भाषा. आमचा बिशप म्हणाला, यांना कळंल असं बोला. झालं! मोठ्यांची सभा भरली. याचं म्हणणं फेटाळलं, याची गादीच मोडली आणि याला दुसरीकडं धाडलं."

"म्हणजे हरलाच की!"

"हरला. पण पुतळा कुणाचा हाय?"

पोलादपूर तालुक्यात पस्तीस वर्षं मराठी शिकवून गुरुजींना एक खोड जडली आहे. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून ते विचारतात, "अर्थ?" लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या बापाला 'चि. सौ. कां.' याचा अर्थ सांगितल्याशिवाय त्यांनी उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. बिचाऱ्याच्या अजून चाळीस पत्रिका वाटायच्या होत्या. कशेडी घाटात दरड कोसळून गाडी अडकली, तेव्हा 'वाहतूक पूर्ववत होईल' म्हणणाऱ्या हवालदारालाही त्यांनी 'पूर्ववत'चा अर्थ विचारला. हवालदार म्हणाला, "म्हणजे बसा गपचूप."

गुरुजी आमचे बौद्धाचार्य. लग्न, नामकरण, कुणी गेलं तर शेवटचा विधी, सगळं त्यांच्याच हातून. आम्ही वंदना पालीतून म्हणतो. गुरुजींच्या पत्नी सुमनकाकी वारल्या, आणि त्यानंतर गुरुजींनी एका पौर्णिमेला पालीनंतर पंचशील आमच्या गावच्या बोलीत सांगायला सुरुवात केली. "जीव मारायचा नाय. दुसऱ्याचा उचलायचा नाय. खोटा बोलायचा नाय." पोरं फिदीफिदी हसली. मागं बसणाऱ्या म्हाताऱ्या बाया मात्र पुढं सरकल्या.

आमचे अध्यक्ष मुंबईहून निवृत्त होऊन आलेले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "विहार आहे हा, मासळीबाजार नाही. पाली म्हणा, फार तर शुद्ध मराठीत अर्थ सांगा. ही भाषा पवित्र ठिकाणी शोभते का?"

रविवारी सकाळी सभा झाली. गुरुजी खिशात बिशप घेऊन आले. ठराव झाला : बोली सोडावी, नाहीतर विहारात दुसरे बौद्धाचार्य बोलवावेत. कागद घेऊन जायचं काम अर्थात चिटणिसाचं.

गुरुजींनी ठराव वाचला. लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं, 'सोडणार नाही.' मला राहवलं नाही. त्यांचाच शब्द मी त्यांना विचारला.

"गुरुजी, या हट्टाचा अर्थ?"

त्यांनी भिंतीवरच्या काकींच्या फोटोकडे बोट केलं.

"मला पानाचं व्यसन होतं, तुला ठाऊक हाय. पान ही लावून द्यायची. स्वतः कधी खाल्लं नाही. मला वाटायचं, हिला आवडत नाही. शेवटच्या आजारात तोंडाला चव नाय म्हणाली, म्हणून अर्धं पान पुढं केलं. तर म्हणते, 'आता जाताना कशाला शील मोडायला लावता?' म्हटलं, कसलं शील? म्हणाली, 'पहिलाच की. पानातिपाता. पान खायाचा नाय. लग्नात घेतला ना आपण?'"

मला हसू फुटणार होतं, पण गुरुजींचा चेहरा बघून ते आतल्या आत राहिलं. पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहिंसा करणार नाही. ते शील ही बाई चाळीस वर्षं पान न खाऊन पाळत होती.

"माहेरी पानाशिवाय तिचा दिवस उगवायचा नाही रे. मी विचारलं, मग मी रोज तुझ्यासमोर खातो ते? तर म्हणाली, 'तुमचा मोडला तरी माझा हाय ना. दोघांना पुरंल.'"

"मग तुम्ही खरा अर्थ सांगितलात?"

"नाय." गुरुजींनी चष्मा काढला. "अख्ख्या तालुक्याला अर्थ सांगत फिरलो, घरात सांगायचा राहिला. आणि तेव्हा सांगून काय करू? तिचं चाळीस वर्षांचं शील खोटं ठरवू?"

मी खाली बघून कागदाची घडी घालत राहिलो.

पुढच्या पौर्णिमेला आमच्या विहारात महाडहून दुसरे बौद्धाचार्य आले. गुरुजींनी सकाळची कुडपणची गाडी धरली. तिकडच्या एका वाडीत काकींचं माहेर. "बिशपलाही दुसरीकडं धाडलं होतं," म्हणाले. चिटणीस असूनही मी त्यांच्यासोबत गेलो.

वाडीतल्या समाजमंदिरात काकींच्या वयाच्या सात-आठ बाया बसल्या होत्या. गुरुजींनी आधी पाली म्हटली. मग पिशवीतून विड्याच्या पानांची जुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"बायांनो, पयला शील, जीव मारायचा नाय. पान खाल्ला तर चालतो."

एक म्हातारी तोंडाला पदर लावून पुटपुटली, "अगो बाय! चालतो?" तिच्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. सगळ्या हसायला लागल्या आणि गुरुजीही हसले.

त्यांनी प्रत्येकीला स्वतःच्या हातानं पान लावून दिलं. मलाही दिलं. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही? ते म्हणाले, "माझं शील आहे," आणि चुन्याचं बोट धोतराला पुसलं.