परात घेऊन फिरणारे अण्णा

कोप्पीकर रोडवर भरदुपारी उजव्या काखेत पितळी परात आणि डावा हात पँटच्या खिशात, असे उंचेपुरे गृहस्थ दिसले तर ते आमचे नवनगरचे शेजारी, अण्णा. परात मोडीत घालायला निघालेत, असं लोकांना वाटे. निघालेले असायचे स्वयंपाकघराची कपाटं बघायला!

त्याचं असं झालं. त्यांच्या सौ., म्हणजे आमच्या अक्का, मोठ्या आजारपणातून उठल्या, कलघटगीला लेकीकडे गेल्या आणि तिकडेच राहिल्या. "माझ्याच घरात पाहुणीसारखं बसून आयतं खायला मी येणार नाही," म्हणाल्या. अण्णाही हट्टाला पेटले. "नवं स्वयंपाकघर करतो आणि आणतोच तिला!"

सल्ला द्यायला मी बरोबर. नसती हौस, दुसरं काय! कपाटं दोन तऱ्हेची. एकात खोक्याच्या तोंडावर जाड लाकडी चौकट आणि त्या चौकटीला दार. दुसऱ्यात चौकटच नाही, दार थेट खोक्याच्या फळीला. जो तो दुकानदार चौकटीचेच गोडवे गायचा. अण्णा ऐकून घ्यायचे, परात तिरकी करून आत सारायचे आणि एका हाताने सरळ बाहेर ओढायचे. परात चौकटीला अडून ठणकन वाजायची.

"इदु बेडा!" अण्णा म्हणायचे. हे नको! की चालले पुढच्या दुकानात.

"अहो, तिरकी करा, दोन हात लावा, येईल की!" मी म्हणायची.

"दोन हात लावायचे नाहीत."

शेवटच्या दुकानात बिनचौकटीच्या कपाटातून परात सुळकन बाहेर आली. "हेच!" अण्णा म्हणाले.

दुकानदार कळवळला. "अण्णा, चौकटीशिवाय जोर कुठला? पोरंबाळं दाराला लोंबकळली तर?"

"लोंबकळायला घरात आहे कोण? आम्ही दोघं म्हातारी."

पायांचे तुकडे पडले होते, माझाही पारा चढला. "अण्णा, तो दुसरा हात काय बँकेत ठेवलाय?"

"तिचा डावा हात अजून उठत नाही की गं," ते शांतपणे म्हणाले. "मग मी दोन हातांनी बघून काय उपयोग?"

अक्कांच्या हाताचं मला ठाऊक होतं. पण अण्णांच्या खिशाशी त्याची सांगड काही मला घालता आली नव्हती. मला भरून आलं.

कपाटं बसली आणि अक्का आल्या. चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. खालचं दार उघडलं, उजव्या हाताने परात ओढली. आली सरळ! अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षेत पहिलेच आले. अक्कांनी भाकरीसाठी ज्वारीचं पीठ घेतलं आणि एका हाताने मळायला लागल्या, तर परात ओट्यावर गरागरा फिरायला लागली. ही तालीम अण्णांनी केलीच नव्हती! अक्का थांबल्या. त्यांचे डोळे भरले.

अण्णा पुढे झाले. डावा हात खिशातून काढला आणि दोन्ही हातांनी परातीचा काठ धरला.

"घट्ट धरा हो," अक्का म्हणाल्या, "मध्येच सोडू नका."