एकतिसावं मिनिट

"मन्हा अल्बम ज्या मानूस ऐकी, त्याले घड्याळ देखानी याद ऱ्हावाव नही," असं भाग्येशने चैत्रात छाती काढून जाहीर केलं होतं. पुढे उलटंच झालं. ऐकणारा प्रत्येक जण घड्याळाकडेच बघत बसायचा.

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या हिलाल पाटलांचा हा एकुलता एक मुलगा. बी.एस्सी. झाल्यावर त्याने सिंथेसायझर आणला, शेतात विहिरीला लागून असलेल्या खताच्या खोलीत मांडला, आणि दोन महिने एकट्याने खपून 'तापीचा श्वास' नावाचा बेचाळीस मिनिटांचा अल्बम केला. त्यात शब्द नव्हते, ठेका नव्हता, चाल तर औषधालाही नव्हती. एक घुमणारा सूर यायचा आणि सावकाश दुसऱ्या घुमणाऱ्या सुरात विरघळायचा. शेताची हवाही आत यावी म्हणून एक माइक त्याने खिडकीत टांगून ठेवला होता.

पहिली श्रोती आई. बेबीबाईंनी गहू निवडता निवडता अकरा मिनिटं कौतुकाने ऐकलं आणि मग हळूच विचारलं, "भाऊ, गानं कव्हय सुरू व्हई?"

"चालूच शे, माय."

"असं व्हय," म्हणून त्या गव्हाचं सूप घेऊन आत गेल्या.

दुसरा श्रोता कापडदुकानवाल्या माणकचंदशेठचा नातू रिषभ, भाग्येशचा जिवलग. तो पाचव्या मिनिटाला गादीवर आडवा झाला आणि दुकान वाढवायच्या वेळी उठला. "यार, अशी झोप माले बारावीनंतर लागनी नव्हती," असं म्हणून त्याने मिठी मारली. भाग्येशला ती मिठी फार लागली.

हे सगळं कानावर गेल्यावर हिलाल आबांनी निकाल दिला. "आखाजीलोंग एक मानूस तुन्हं हाई आख्खं ऐकी लेऊ दे, जागा ऱ्हाईसन. मंग तुन्हं मशीन घरमा ऱ्हाई. नहीतर मशीन माळ्यावर, आनि तू मामाना खतना दुकानमा."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस उरले. माणूस मिळेना. भाग्येशने मनातल्या मनात युरियाचे भाव पाठ करायला घेतले.

त्यातच विहिरीवरची मोटर पाणी कमी फेकू लागली. वर ऊन असं की पपईची पानं सकाळी नऊलाच माना टाकायची. गावोगावच्या मोटरी बघणाऱ्या झिपरू मिस्तरींचा एक नियम होता: आधी मोटरचा आवाज फोनवर भरून पाठवा, मी ऐकतो, मग सामान घेऊन येतो. आबांनी भाग्येशचा फोन मागून घेतला, मोटरजवळ धरला आणि आवाज पाठवून दिला.

दीड तासाने मिस्तरींचा फोन आला. "आबा, पहिले मोटर बंद करा, मंग बोला."

आबा धोतर सावरत विहिरीकडे धावले. परत येऊन त्यांनी फोनचा आवाज मोठा केला.

"सहाव्या मिनिटले वायर तापी ऱ्हायनी," झिपरू सांगू लागले. "चौदाव्याले पाईपमा हवा शिरनी. बाविसाव्याले काय व्हयनं, माले समजनं नही. तीस सालमा असा आवाज मी ऐका नही. आनि एकतिसाव्याले बेअरिंग गयं. मी निंघनू."

भाग्येशने बोटांवर मिनिटं मोजली. सहाव्या मिनिटाला अल्बममधली 'पहाट' सुरू व्हायची, चौदाव्याला 'घाट'. बाविसावं मिनिट त्याचा सगळ्यात धाडसी प्रयोग!

"आबा, तुम्हीन कोन्तं धाडं?"

"दोन दिखनात. त्यामातलं मोठं धाडं. मिनिटभरमा त्याले काय समजनार?"

वीज चारला जाणार होती, मोटर बंद पडून होती आणि पपई वाट बघत होती. मिस्तरी पेटी घेऊन बांधावर पोचले तेव्हा भाग्येश आडवा गेला.

"झिपरूकाका, ती मोटर नव्हती. तो मी व्हतू."

"आख्खं तू?"

"आख्खं."

मिस्तरींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाकी तू व्हशी. एकतिसावं तू नही."

आता मात्र भाग्येशला राग आला. एकतिसाव्या मिनिटाला 'अनंत' सुरू व्हायचं, आणि त्यातली ती नाजूक खरखर म्हणजे अल्बमचा प्राण. ती आपण कधी वाजवली हे त्याला आठवत नव्हतं, म्हणून तर त्याने ती प्रतिभेच्या खात्यावर टाकली होती. पण झिपरूंनी मोटर खोलली आणि बेअरिंग हातावर ठेवलं. गोळ्या झिजून काळ्यानिळ्या पडल्या होत्या. 'अनंत' भरताना मोटर चालू होती, आणि खिडकीतल्या माइकने शेताची हवा म्हणून हेच टिपलं होतं. बाकीचे सगळे दोष भाग्येशचे होते, तेवढा एक मोटरचा होता.

"आज चालती तर सांजलोंग जळी जाती," झिपरू म्हणाले. ऐन आखाजीत जळकी मोटर नव्याने वायर भरून मिळाली नसती आणि पपई उभी वाळली असती. आबांनी बेअरिंग हातात घेऊन उन्हात धरलं.

भाग्येशला वेगळंच सुचलं. "काका, तुम्हीन आख्खं ऐकं?"

"दोन दाव. शटर खाले ओढं, कानमा घालं, आनि बठनू. कोनं तरी पीक त्यानावर उभं ऱ्हास, भो. अर्धं ऐकीसन कसं सांगू?"

इतक्या मनापासून भाग्येशचं आजवर कोणी काही ऐकलं नव्हतं. तो वाकून पाया पडला. मिस्तरींना वाटलं, बेअरिंगसाठी.

"झोप त नही ना लागनी?" आबांनी घसा खाकरून विचारलं.

"बिमार मोटर बोलस तव्हय झोप येस का, आबा?"

आबांनी बेअरिंग मिस्तरींच्या पेटीत टाकलं. मग म्हणाले, "मशीन ऱ्हाऊ दे घरमा."

नवं बेअरिंग बसलं, पाणी धो धो आलं. आखाजीला झिपरूकाकांना बोलावून बेबीबाईंनी आमरस आग्रह करकरून वाढला. पुढे अल्बम सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हा आभारांत पहिलं नाव झिपरूंचं होतं आणि दुसरं आबांच्या चुकलेल्या अंगठ्याचं. वादकांच्या यादीत मात्र भाग्येशला प्रामाणिकपणे एक ओळ वाढवावी लागली: 'अनंत' – बेअरिंग, नंबर सहा हजार तीनशे पाच.

लोक सगळ्यात जास्त तेच ऐकतात!