चार हजार तीनशे बारा सायकली

माझ्यासारखी तल्लख शोधक या गल्लीत दुसरी नाही. हे मी माझ्याच तोंडाने सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. एकतीस वर्षं मी ग्रंथालयात कार्डं लिहिली. "नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पण पुस्तक निळं होतं," असं म्हणणाऱ्या वाचकाच्या हातात मी चौथ्या मिनिटाला पुस्तक ठेवत असे. ते क्वचित निळं असायचं, पण वाचक निमूटपणे घेऊन जायचा. तेव्हा कार्डांच्या खणांना पितळी मुठी होत्या. खण ओढला की लाकडाचा आणि शाईचा वास यायचा, आणि खोकला आला तर माणसं बाहेर जाऊन खोकायची. आता ग्रंथालय आभासी झालं आहे. घरबसल्या पडद्यावर दिसतं. खण गेले, मुठी गेल्या, खोकणारेही गेले. मी तेवढी आहे.

तर प्रकरण माझ्या धाकट्या जावेचं. बावन्न वर्षांपूर्वी गावात बायकांची सायकल शर्यत झाली होती, पहिली आणि शेवटची. जाऊ म्हणते, मी पहिली आले. टपालवाली म्हणते, मी पहिली आले. टपालवाली म्हणजे टपाल कचेरीच्या खिडकीत बसून निवृत्त झालेली आमची जुनी शेजारीण. हा वाद दोघींनी इतकी वर्षं प्रेमाने सांभाळला होता. पण आता क्रीडा मंडळ जुन्या विजेत्यांचा फलक लावणार होतं. मंडळाच्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. सचिवांनी दोघींना सांगितलं, "शनिवारपर्यंत ग्रंथालयाच्या नोंदीसकट फोटो आणा. नाहीतर ती ओळ कोरी सोडतो."

"कोरी ओळ, ताई," जाऊ मला म्हणाली. "पोटऱ्या माझ्या फुटल्या आणि ओळ कोरी."

"फोटो काढला होता का कोणी?"

"होता ना एक जण. तीन पायांचा कॅमेरा, डोक्यावर काळं कापड."

"बस, एवढं पुरे," मी म्हणाले आणि तिला पुढे बोलू दिलं नाही. साक्षीदाराला फार बोलू दिलं की तपास बिघडतो, असं माझं मत आहे.

गावातले सगळे जुने फोटो आता त्या आभासी ग्रंथालयात आहेत. मी चष्मा चढवला आणि शोधपेटीत लिहिलं: सायकल. चार हजार तीनशे बारा फोटो आले. जाऊ म्हणाली, "एकेक बघू या." मी तिच्याकडे कीव करून पाहिलं. शोध घेणं म्हणजे बघणं नव्हे, गाळणं.

म्हणून मी 'पुरुष' हा शब्द वगळायला सांगितला. चार हजार तीनशे बारा फोटो आले. सायकलवर पुरुष असला तर तो पुरुष आहे असं कोणी लिहितच नाही, त्याला नुसतं सायकलस्वार म्हणतात. मग मी 'स्त्री' हा शब्द जोडला. तीन फोटो आले. पहिल्यात एक बाई सायकलला टेकून उभी होती, दुसऱ्यात सायकल बाईला टेकून उभी होती, आणि तिसऱ्यात सायकल नव्हतीच.

"म्हणजे साल चुकीचं नोंदवलंय," मी जाहीर केलं. शर्यतीच्या सालाच्या मागची दहा आणि पुढची दहा वर्षं धुंडाळली. त्यात मला आमच्या ग्रंथालयाची जुनी जिन्याखालची खोली दिसली, खिडकीतली माझी खुर्चीही दिसली आणि मी अर्धा तास तिथेच रमले. जावेने दोनदा चहा केला.

मग मला समजलं, की चित्र देऊन चित्र शोधायचीही सोय आहे. जावेचा फोटो काढला आणि यंत्राला दिला. यंत्राने थोडा विचार केला आणि एका मिशाळ स्टेशनमास्तरांचा फोटो दाखवला. सोबत सूचना होती: बरेच साम्य.

"हनुवटी जुळते," मी म्हणाले.

"ताई, आज स्वयंपाक तुम्ही करा," जाऊ म्हणाली.

आता एकच शक्यता उरली होती: फोटो पळवला. कोणी, ते उघड होतं. मी थेट टपालवालीच्या दारात गेले. दार उघडंच होतं. टपालवाली पडद्याला नाक लावून बसली होती, हातात भिंग.

"पुरावा नष्ट करताय?" मी विचारलं.

"शोधतेय," ती म्हणाली. "तीन दिवस झाले. 'विजेती' असं टाकलं तर एकच सापडली. प्रदर्शनातली गाय."

"मग फोटो तुम्ही काढून टाकला नाही?"

"मी कशाला काढून टाकीन? त्यात मी पहिली आहे."

या उत्तराने माझा सगळा सिद्धांत कोसळला. घरी आले तर जाऊ भाजी निवडत होती. शुक्रवारची दुपार होती. मी म्हटलं, "आपण हात टेकले. फोटो अस्तित्वात नाही."

"आहे हो. तो माणूस आमच्यावर किती ओरडला."

"कोण माणूस?"

"काळ्या कापडाखालचा. बाजूला व्हा, बाजूला व्हा, म्हणत होता. शर्यतीची शेवटची रेघ त्याच्याच पुढ्यात होती, आम्ही कशाला थांबतोय?" ती निवडता निवडता थांबली. "तो आमचा फोटो काढायला आलाच नव्हता, ताई. आमच्या मागे काय होतं? ती नवी पाण्याची टाकी. तो टाकीचा फोटो काढत होता."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुरे म्हणालात."

मी शोधपेटीत लिहिलं: पाण्याची टाकी. सतरा फोटो आले. अकराव्यात टाकी मधोमध दिमाखात उभी होती, आणि खाली डाव्या कोपऱ्यात चुन्याची रेघ आणि दोन सायकली. मोठं करून पाहिलं. जावेचं पुढचं चाक रेघेच्या पार गेलेलं, टपालवालीचं अजून अलीकडे. जाऊ विशीतली होती आणि तोंड उघडं टाकून हसत होती.

मग मी नोंद वाचली. "नवी पाण्याची टाकी, उंची साठ फूट. समोर डावीकडे थोडा अडथळा."

"अडथळा?" जाऊ म्हणाली.

खाली जुन्या कार्डाचं चित्रही जोडलेलं होतं. टपोरं अक्षर, किंचित डावीकडे कललेलं. ते मी कुठेही ओळखलं असतं. पाणी खात्याकडून फोटोंची खोकी आली होती आणि मी एका उन्हाळ्यात दोन हजार कार्डं लिहिली होती. नियमच होता: फोटो ज्या कामासाठी काढला, त्या कामाचं नाव द्यायचं. बाकी सगळं अडथळा. मी पडदा जरा स्वतःकडे वळवून घेतला.

जावेने टपालवालीला बोलावून घेतलं. ती दहा मिनिटांत आली आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.

"माझी चेन पडली होती," ती म्हणाली.

"चेन दिसतेय," जाऊ म्हणाली. "जागच्या जागी आहे."

टपालवालीने भिंग पिशवीत ठेवलं. "आपण किती बारीक होतो गं," ती म्हणाली. मग दोघी मला नवी नोंद सांगायला बसल्या. पहिलीचं पूर्ण नाव मी लिहिलं. जाऊ म्हणाली, "हिचंही लिहा. मी कोणाला मागे टाकलं ते कळायला नको?" टपालवालीने अट घातली, की 'अगदी थोडक्यात दुसरी' असं लिहायचं. थोडक्यात म्हणजे किती यावर एक तास गेला. शेवटी 'एका चाकाने' ठरलं.

मी ग्रंथालयात फोन लावला, दोघींना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून. ग्रंथपाल मुलगी नवी होती, पण नियमाला पक्की. "सुधारणा आजच करता येईल," ती म्हणाली. "फक्त मूळ नोंद करणारी व्यक्ती हयात असेल, तर आपली नोंद चुकली असं तिने सांगावं लागतं. खूप जुनं कार्ड आहे. त्यांचा काही ठावठिकाणा लागेल का?"

दोघी एकदा पडद्यावरच्या अक्षराकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"शोधावं लागेल," मी म्हणाले. "अवघड प्रकरण आहे. वेळ लागेल."

जावेने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"सापडली," ती म्हणाली. "देते, बोला."