चार पायांचा मोर

आमच्या केंद्रात पेशंट टेबलावर आडवा झाला, की मारोतराव त्याला कुठे दुखतं ते आधी विचारायचे नाहीत. दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारायचे, हात त्याच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "बोला, वाघ का मोर?"

उजव्या हातावर वाघ गोंदलेला, डाव्यावर मोर. वाघ म्हणजे जोरदार मालिश, मोर म्हणजे हलकी. वाघ जत्रेत काढलेला. आरशात स्वतःला बघून दचकलेल्या मांजरासारखा दिसायचा. मोराला तेवढीही अब्रू नाही. तीन पिसं, कपाळाच्या मधोमध एकच डोळा आणि पाय चार.

"मारोतराव, मोराला चार पाय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मोठा मोर हाय मॅडम. दोन पायांवर कसा तोलंल?"

हिंगोलीतल्या या फिजिओथेरपी केंद्राच्या वेळा, टॉवेल, तेल आणि माणसं मी सांभाळते. त्यात टॉवेल सोपे. टॉवेल स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेत नाहीत. मारोतरावांना कुणी मालिशवाला म्हटलं, तर त्या माणसाच्या पोटऱ्यांची खैर नसते. आतल्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो, पण यांच्या डोळ्यांवर गॉगल. पेशंटचं उरलेलं तेल यांच्या केसांना. हातांचे फोटो मोबाईलच्या स्टेटसवर, खाली 'दुखणं फरार'. कुणी हटकलं तर म्हणणार, "हेच आपलं व्हिजिटिंग कार्ड. बराबर हाय ना?" हा प्रश्न नसतो. तुम्ही उत्तराला तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या मणक्यावर पोहोचलेले असतात.

आमचे डॉक्टर पुण्यात शिकले. येताना तिथला एक नियम सोबत घेऊन आले: थेरपिस्टचं गोंदण पेशंटला दिसता कामा नये. पांढरा कोट, कापलेली नखं, कोरे हात. नियम मला पटला. तो अमलात आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आधी लांब बाह्या करून पाहिल्या. दुपारपर्यंत त्या इतकं तेल प्यायल्या, की वसमतचे एक हळदीचे व्यापारी टेबलावरूनच म्हणाले, "मालिश करून राहिले का भजे तळून राहिले?"

मग मी दोन्ही हातांना कोपरापर्यंत इलॅस्टिकचं बँडेज गुंडाळलं. नीटनेटकं, वैद्यकीय दिसत होतं. त्या दिवशी वारंगा फाट्याहून एक आजी गुडघे घेऊन आल्या. मारोतरावांचे हात बघून त्या टेबलावरून खालीच उतरल्या.

"अगं माय! काहून रे लेकरा, काय झालं? बस इथं."

मी टॉवेल घेऊन आत गेले, तर आजी तेल घेऊन मारोतरावांचे खांदे चोळत होत्या आणि थेरपिस्ट गॉगलआड डोळे मिटून "बराबर... तिथंच..." करत होते.

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, "नांदेडला माझा मित्र लेझरने गोंदण काढतो. खर्च केंद्राचा. हात कोरे करून या, नाहीतर दुसरीकडे काम बघा."

दुसऱ्या दिवशी मारोतराव काउंटरशी आले. "वाघ घेऊन टाका म्हणावं सरांना. मोर न्हाई देत."

"अहो, वाघ निदान मांजर तरी वाटतो," मी म्हटलं. "काढायचाच तर आधी तो मोर काढा. कुणी दारू पिऊन काढलाय?"

त्यांनी गॉगल काढला. त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

"माह्या पोरीनं काढला. लहान व्हती. बॉलपेननं." ते मोराकडे बघूनच बोलत होते. "त्याच दिशी तिची माय तिला घेऊन माहेरी गेली, कायमची. म्या इकडं कामावर. तेल लागून लागून मोर पुसून राहिला. पिसारा भरगच्च व्हता मॅडम. तीन पिसं उरले तवा पेशंट तसाच टाकला अन् बसस्टँडवरच्या गोंदणाऱ्याकडं पळालो. म्हनलं, हाय तसा गिरव. त्यो म्हने, दोन पाय कमी करतो. म्हनलं, खबरदार."

"आता भेटते का ती?"

"फोनवर बोलती कधीमधी. मोर ध्यानात न्हाई तिच्या."

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "वाघ जाईल," म्हटलं, "मोर राहील. निम्मे पेशंट मोर मागतात. त्यांना नाही म्हणायचं असेल, तर उद्यापासून काउंटरवर तुम्ही बसा." काउंटरवर बसणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. मोर राहिला.

लेझरने वाघाचा आता नुसता निळसर डाग उरलाय. मारोतरावांनी त्यातूनही वाट काढली. पेशंटला विचारतात, "बोला, ढग का मोर?"

मागच्या आठवड्यात माझी मान अशी धरली, की हाक आली तर सगळ्या अंगानिशी वळावं लागायचं. मी टेबलावर बसले. मारोतरावांनी सवयीने बाह्या सारल्या.

"मोर," मी आधीच सांगून टाकलं.

त्यांनी डावा हात मानेवर ठेवला. फिरत होता, पण दाब म्हणाल तर ओढणीएवढा.

"मारोतराव, जोर लावा की जरा."

"लावून राहिलो मॅडम." थोडा वेळ हात तसाच फिरला. मग म्हणाले, "आता पक्का हाय, पुसत न्हाई, मला कळतंय. पन हात ऐकत न्हाई."

एरवी मी ढग मागितला असता. "राहू द्या," म्हटलं, "बराबर आहे."

मान काही सुटली नाही. अजूनही धरलेलीच आहे.