मुखपृष्ठावरचा ससा

"यंदा मुखपृष्ठावर ससा झळकेल तो माझाच!" टोस्टला लोणी फासत विल्फ्रेड कॅचपोलने जाहीर केलं.

"तुझा?" हेस्टर म्हणाली. "मागच्या वर्षी तू दिलेल्या फोटोत ससा होता की ढेकूळ, यावर चर्चच्या मासिकवाल्यांचं अजून एकमत झालेलं नाही!"

बायकोचा टोमणा एक वेळ पचला असता. पण शेजारच्या लायनेल गॉट्सचं यश पचत नव्हतं. दर वसंतात मुखपृष्ठावर त्याचाच रानससा! लायनेलचे ससे मागच्या पायांवर उभं राहून एकमेकांना ठोसे लगावत. विल्फ्रेडच्या फोटोत ससा नुकताच निघून गेलेला असे. राहत असे ते गवत. त्यात लायनेल स्वभावाने सज्जन. हा तर कहरच! मनसोक्त जळायचं तरी कसं?

मार्चमधल्या त्या सकाळी, अंगावर गोणपाट ओढून, विल्फ्रेड गव्हाच्या कोवळ्या शेतात पालथा पडला. हातात नवी, तोफेएवढी लेन्स. नॉरफक परगण्याचा वारा विजारीत शिरून बिऱ्हाड करू लागला. तरी पठ्ठ्या हलला नाही.

आणि ससा आला! लांब कान, पिवळे डोळे, थेट त्याच्याच दिशेने! जवळ आला, आणखी जवळ आला आणि नाकासमोर येऊन बसला. पण शेताच्या पलीकडचं टिपणाऱ्या त्या लेन्सला नाकासमोरचं काय दिसणार? नुसता तपकिरी धूर!

"मागे सरक ना रे बाबा!" विल्फ्रेड पुटपुटला. ससा मिश्या हलवत बसून राहिला.

इतक्यात पायवाटेवरून कुत्रं फिरवणाऱ्या ड्यूइंगबाईंनी पाहिलं. चिखलात पालथा माणूस, निपचित!

"अगंबाई! मेला की हो कुणीतरी!"

"जिवंत आहे मी," ससा बुजू नये म्हणून विल्फ्रेड ओठ न हलवता म्हणाला. बाईंना ऐकू आला तो नुसता घरघराट.

"घरघर लागली! धावा हो, धावा!"

धावला कोण? पलीकडच्या कुंपणाआड दबा धरून बसलेला लायनेल! कॅमेरा तिथेच टाकून, चिखल तुडवत आला. ससा बाणासारखा सुटला. लायनेलने विल्फ्रेडला उताणा केला आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली.

"विल्फ्रेड, जाऊ नकोस रे!"

"अरे, मी—" दाबलं.

"जि—" पुन्हा दाबलं.

"—वंत आहे, गाढवा!"

लायनेल मटकन खाली बसला. बसला तो नव्या लेन्सवर. कडकन आवाज झाला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे विल्फ्रेडला धड ओरडताही येईना.

"तुला फोटो मिळाला?" शेवटी त्याने विचारलं.

"कुठला! जोडी ऐन रंगात आली होती. ठोशावर ठोसे! बोट बटणावर होतं आणि ही आरोळी." लायनेलने नाक पुसलं. "जाऊ दे. तू आहेस ना!"

विल्फ्रेडला आधी गुदगुल्या झाल्या, मग स्वतःचीच लाज वाटली. घरी नेऊन त्याने लायनेलला चहा पाजला आणि हेस्टरने फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेला केकही कापला.

एप्रिलचा अंक आला. मुखपृष्ठावर सोनेरी उन्हात कान ताठ केलेला रानससा, मिशीचा केस न् केस स्पष्ट. शेजारी चिखलात पालथं पडलेलं एक धूड. छायाचित्र: श्रीमती ड्यूइंग. पोलिसांना दाखवायला म्हणून बाईंनी फोनवर काढून ठेवलं होतं!

दोघे कुंपणाच्या दोन बाजूंना अंक धरून उभे राहिले.

"नशीब लागतं," विल्फ्रेड म्हणाला.

"ऊन चुकीच्या बाजूने आलंय," लायनेल म्हणाला.

"आणि त्या फोनने काढलेला फोटो म्हणजे काय फोटो?"

तेवढ्यात समोरून ड्यूइंगबाई गेल्या. हसून हात हलवला. दोघांनीही दात दाखवले.

"मिरवतेय बघ कशी!" लायनेल दात-ओठ खात पुटपुटला.

आणि इतक्या वर्षांत प्रथमच विल्फ्रेडला तो माणूस मनापासून आवडला!